किरकोळ कारणावरून

वर्तमानपत्रातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांची एक ठरलेली भाषा असते. ‘किरकोळ कारणावरून तरुणाचा खून’, ‘पूर्ववैमनस्यातून दोघांवर वार’, ‘खुन्नस दिल्याच्या रागातून हल्ला’. शहरात राहणाऱ्या माणसाने ही वाक्ये इतक्या वेळा वाचलेली असतात, की नजर त्यांच्यावरून घसरून पुढच्या बातमीवर जाते. मी कविता लिहितो, म्हणून शब्दांपाशी थोडा रेंगाळतो. या भाषेपाशी रेंगाळले की दोन प्रश्न पडतात. कारण जर किरकोळ होते, तर जीव कसा गेला? आणि वैमनस्य जर पूर्वीचे होते, तर ते आधी कोणालाच कसे दिसले नाही?

शहरातल्या वस्त्यांमध्ये तरुण मुलांच्या हातून होणारी हिंसा थांबवता येते का, आणि येत असेल तर नेमकी कोणत्या वेळी, हा आजचा विषय आहे. त्याचे उत्तर मला या दोन प्रश्नांच्या मध्येच सापडते.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. जागतिक आरोग्य संघटना १० ते २९ या वयातल्या हिंसेला युवा हिंसा म्हणते. तिच्या अलीकडच्या अंदाजानुसार १५ ते २९ वयोगटातल्या सुमारे १ लाख ९३ हजार व्यक्तींचा जगात दरवर्षी खून होतो. जगातल्या एकूण खुनांपैकी हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात जाते. मरणारे बहुतेक मुलगेच असतात आणि मारणारेही बहुतेक मुलगेच. शिवाय मेलेल्या प्रत्येकामागे कितीतरी मुले जखमी होऊन रुग्णालयात पोचतात. त्यांची बातमी बहुधा होत नाही. पण पुढची बातमी पुष्कळदा त्यांच्यातूनच तयार होते. ती कशी, ते सांगतो.

गाडीला गाडी घासली. पानाच्या टपरीवर धक्का लागला. गल्लीतल्या कोणाला दुसऱ्या गल्लीतल्या कोणी रोखून पाहिले. मोबाइलवरच्या स्टेटसला कोणी हसण्याचे चिन्ह टाकले. ही झाली किरकोळ कारणे. चाळिशीचा माणूस अशा वेळी एखादी शिवी हासडतो आणि घरी जाऊन जेवतो. सोळा-अठरा वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, कारण तो तिथे एकटा नसतो. त्याच्या मागे चार मित्र उभे असतात आणि त्यांच्या डोळ्यांत तो स्वतःला पाहत असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटे खेळताना किशोरांनी आणि मोठ्यांनी पत्करलेल्या धोक्यांत फारसा फरक नव्हता. मित्र शेजारी येऊन बसले तशी किशोरांची बेफिकिरी खूप वाढली. मोठ्या माणसांवर मात्र सोबतीचा काही परिणाम झाला नाही. आता मोबाइलमुळे ही सोबत चार मित्रांपुरती राहिलेली नाही. मार खातानाचे चित्रीकरण रात्रीत सगळ्या वस्तीत फिरते आणि ज्याने मार खाल्ला, त्याला सकाळी शाळेच्या वाटेवर प्रत्येक डोळा आपल्यावरच रोखलेला वाटतो.

मग तो घरी जेवत नाही. कॉलेजचा रस्ता बदलतो. मित्र म्हणतात, ‘सोडायचं नाही.’ कोणी तरी कोयता आणतो. आणि पहिल्या मारानंतर काही तासांनी, कधी काही दिवसांनी दुसरा वार होतो. बातमीत ज्याला पूर्ववैमनस्य म्हणतात, ते बहुतेक वेळा परवाचे किरकोळ कारणच असते. मधले दोन दिवस त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते, एवढेच. माझे सांगणे असे, की तरुणांची हिंसा थांबवायची खरी जागा हे मधले दोन दिवस आहेत. पहिला मार प्रत्येक वेळी टाळता येईल असे नाही. दुसरा वार टाळता येतो.

हे नुसते कवीचे म्हणणे नाही. काही शहरांनी याच जागेवर काम केले आहे आणि त्याचे बरेवाईट परिणाम नोंदलेले आहेत.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९९० साली १५२ खून झाले. त्या शहरासाठी तो आकडा हादरवणारा होता. १९९२ मध्ये तर एका मुलाच्या अंत्यविधीच्या वेळी टोळीतली मुले चर्चमध्ये घुसली आणि प्रार्थना चालू असताना तिथे सुरीहल्ला झाला. त्यानंतर कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी ठरवले, की मुले चर्चमध्ये येण्याची वाट पाहायची नाही, आपणच रात्री रस्त्यावर त्यांच्याकडे जायचे. दुसरीकडे हार्वर्ड विद्यापीठातले डेव्हिड केनेडी आणि त्यांचे सहकारी पोलिसांबरोबर बसून जुनी प्रकरणे तपासत होते. त्यांना दिसले, की तरुणांच्या खुनांपैकी निदान ६० टक्के खुनांमागे टोळ्यांतली मुले आहेत आणि ही मुले शहरातल्या त्या वयाच्या मुलांच्या १ टक्काही नाहीत. वस्तीच वाईट आहे, ही सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्या वस्तीतली ९९ मुले घाबरून जगत होती आणि एक जण दुसऱ्या एकाच्या मागावर होता. तोही बहुधा घाबरलेलाच होता.

१९९६ मध्ये या टोळ्यांतल्या मुलांना न्यायालयाच्या इमारतीत बोलावून समोरासमोर दोन गोष्टी सांगण्यात आल्या. यापुढे कोणत्याही टोळीकडून खून झाला, तर कायद्याची सगळी ताकद त्या संपूर्ण टोळीवर लागेल. आणि ज्याला यातून बाहेर पडायचे आहे त्याला शाळा, काम, आधार, जे लागेल ते मिळवून देणारी माणसे याच खोलीत बसली आहेत. २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांचे खून त्याआधीच्या पाच वर्षांत सरासरी ४४ होत. ते १९९६ मध्ये २६ झाले आणि १९९७ मध्ये १५. पुढे मात्र माणसे बदलली, २००० नंतर हे काम ढिले पडले आणि खून पुन्हा वाढले. हा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे.

शिकागोतली गोष्ट एका डॉक्टरची आहे. गॅरी स्लटकिन साथीच्या रोगांचे तज्ज्ञ. सोमालियातल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये त्यांनी कॉलऱ्याशी झुंज घेतली होती. मायदेशी परतल्यावर त्यांनी शहरातल्या गोळीबारांचे नकाशे पाहिले, तेव्हा त्यांना ते साथीच्या नकाशांसारखे दिसले. एका गोळीबाराशेजारी दुसरा, त्याच्याशेजारी तिसरा. साथ आटोक्यात आणताना आरोग्यसेवक रोग्यावर रागावत नाही. तो रोग्याच्या जवळच्या माणसांना शोधतो आणि लागण पुढे जाऊ नये अशी व्यवस्था करतो. २००० साली वेस्ट गारफील्ड पार्क या वस्तीत ‘सीझफायर’ नावाने त्यांनी हेच काम सुरू केले. भांडण पेटले की कोणी गोळी झाडायच्या आत मध्ये जाऊन उभी राहणारी माणसे नेमली. ही माणसे त्याच वस्तीतली होती आणि त्यांतली बरीच जण स्वतः कधीकाळी टोळीत राहून बाहेर पडलेली होती. त्यांच्यापैकी अमीना मॅथ्यूज २०११ च्या ‘द इंटरप्टर्स’ या माहितीपटामुळे जगाला ठाऊक झाल्या. एका कुप्रसिद्ध टोळीप्रमुखाची ही मुलगी. डोक्याला रुमाल बांधून ती संतापलेल्या मुलांच्या घोळक्यात शिरते आणि आईच्या अधिकाराने बोलते. तिच्याजवळ शस्त्र नाही, बिल्ला नाही. ती कुठून आली आहे, हे मुलांना माहीत आहे. हीच तिची ताकद.

या पद्धतीचा अभ्यास झाला, तेव्हा काही वस्त्यांत गोळीबार स्पष्टपणे कमी झालेले दिसले आणि काही ठिकाणी फरक सांगता आला नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. माणूस कोण आहे, त्याचा शब्द किती चालतो आणि तो किती दिवस टिकून राहतो, यावर सगळे अवलंबून असते.

तिसरे शहर स्कॉटलंडमधले ग्लासगो. तिथे बंदुका नव्हत्या, सुऱ्या होत्या. म्हणून आपल्याला ते जास्त जवळचे. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन यांच्या पुढाकाराने हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग उघडला. सुरा बाळगण्याची शिक्षा वाढली, हे खरे. पण त्याच वेळी बॉस्टनप्रमाणे मुलांना न्यायालयात बोलावून त्यांच्यासमोर पोलिसांबरोबर डॉक्टर आणि जखमी मुलाची आई यांनाही उभे केले गेले. डॉक्टरांनी सुरीची जखम आतून कशी असते ते सांगितले. आईने मुलाच्या खाटेशेजारी बसणे काय असते ते सांगितले. २०१५ पासून ग्लासगोच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री काही माणसे बसू लागली. ती डॉक्टर नाहीत, पोलीसही नाहीत. सुरीचा घाव घेऊन आलेल्या मुलाजवळ ती बसतात. टाके पडेपर्यंत त्याचा राग आणि भीती ऐकतात, आणि तो घरी जाईल तेव्हा त्याच्या पाठोपाठ जातात. टाके घातलेला मुलगा दुसऱ्या वाराच्या सर्वांत जवळ असतो, हे त्यांनी ओळखले. २००४-०५ मध्ये स्कॉटलंडमध्ये सव्वाशेहून अधिक खून झाले होते. २०२२-२३ मध्ये ते ५२ होते. याचे सगळे श्रेय एका विभागाला देता येणार नाही, पण वीस वर्षे न सोडता केलेल्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे.

आता आपल्याकडे येऊ. मध्ये पडणाऱ्या माणसासाठी आपल्या मराठीत जुना शब्द आहे. मध्ये पडून गोष्ट मिटवणे म्हणजे ‘रदबदली’. अरबी-फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि गावच्या पंचांपासून मोहल्ल्यातल्या बुजुर्गांपर्यंत सगळ्यांचा झाला. पूर्वी भांडण झाले की रात्री दोन-चार वडीलधारी माणसे दोन्ही घरी जात. एका घरी चहा, दुसऱ्या घरी चहा. आमच्या लहानपणी मोहल्ल्यात एक शिंपीचाचा होते. त्यांच्या दुकानाच्या फळीवर भांडलेली दोन्ही मुले शेजारी शेजारी बसवली जात. चाचा मशीन चालवत राहत. काही बोलत नसत. तासाभराने मुलांनाच कंटाळा येई आणि ती घरी जाण्याची परवानगी मागत. तो एक तास फार मोलाचा होता, हे आज कळते.

ही रदबदली आधुनिक शहरात पद्धतशीरपणे उभी करता येते, हे भिवंडीने दाखवले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागांचे शहर पोळलेले होते. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधायला सुरुवात केली. सुमारे ७० कमिट्या झाल्या. प्रत्येकीत दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्यांच्याबरोबर पोलीस. नेहमीच्या शांतता समितीत पुढारी असतात आणि सणाच्या आदल्या दिवशी बैठक होते. इथे बैठका वर्षभर होत. गटाराचे भांडण, मुलांची मारामारी, एखादी अफवा, असल्या किरकोळ गोष्टींवर होत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. जवळच असलेली, आधी दोनदा पेटलेली भिवंडी शांत राहिली. दंगल आणि दोन गल्ल्यांतली मारामारी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. दंगलीमागे राजकारण असते. पण दगड उचलणारा हात बहुतेक वेळा त्याच वयाचा असतो, आणि त्याला ‘घरी चल’ म्हणणारे ओळखीचे माणूस तिथे असणे, हा उपाय दोन्हीकडे सारखाच आहे.

मुंबईनेही पुढे हा मार्ग धरला. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या वस्त्यांतली मुले आणि पोलीस यांना तिने क्रिकेटच्या मैदानावर एकत्र आणले. खेळाने मने जुळतात, असे आपण सहज म्हणतो. मला त्यातला व्यावहारिक भाग महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या चेंडूवर आपण काल बाद झालो, त्याचे नाव आपल्याला माहीत असते. नाव माहीत असलेल्या माणसाकडे निरोप पाठवता येतो.

अलीकडे पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या मुलांच्या टोळ्यांची चर्चा सुरू झाली, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहण्याच्या सूचना दुकानदारांना दिल्या. मुलांच्या धिंडी निघाल्या. कायदा कडक करा, ही मागणी तर नेहमीच होते. तो काही प्रमाणात झालाही आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची तपासणी करून त्याला प्रौढासारखा खटला चालवण्यासाठी पाठवू शकते. कायद्याला माझा विरोध नाही. बॉस्टनमध्येही एका हाताला कायदाच होता. पण कायदा येतो तो वार झाल्यावर. आणि धिंड काढलेल्या मुलाला पाहणारे डोळे आणखी वाढतात. ज्या रोगाची सुरुवातच चारचौघांतल्या अपमानातून होते, त्यावर आणखी मोठा अपमान हे औषध कसे होईल?

इथे कोणी विचारेल, मग मुलाला चुचकारायचे का? त्याने डोके फोडले आणि आपण चहा पाजायचा? नाही. झालेल्या गुन्ह्याची तक्रार नोंदवली गेलीच पाहिजे. रदबदलीच्या नावाखाली प्रकरण दडपणे, गरिबाला पैसे देऊन गप्प बसवणे, मुलीच्या छेडछाडीला ‘पोरांचा मामला’ म्हणणे, हे आपल्याकडे पुष्कळ होते आणि ते लाजिरवाणे आहे. पहिला मार कायद्याच्या ताब्यात द्यायचा. मध्ये पडायचे ते दुसरा वार होऊ नये म्हणून. ही रेघ स्पष्ट राहिली, तर मध्ये पडणाऱ्याचा शब्द दोन्ही बाजूंना चालतो. तो पोलिसांचा खबऱ्या झाला, तर मुले त्याच्याशी बोलणार नाहीत. तो स्वतःच ‘भाई’ झाला, तर नवी टोळी तयार होईल.

अशी माणसे आपल्याकडे नाहीत, असे मला वाटत नाही. गणेश मंडळे आहेत, तालमी आहेत, मशिदींच्या कमिट्या आहेत, जयंती मंडळे आहेत, बचतगटांतल्या बायका आहेत. वर्गणी गोळा करताना ही मंडळी प्रत्येक घर ओळखतात. तेच ओळखणे आणखी एका कामाला लावायचे आहे. प्रत्येक वस्तीत पाच-सहा माणसे अशी असावीत, की मारामारी झाल्याचे कळले की त्याच रात्री दोन्ही घरी जातील आणि पुढचे तीन दिवस जात राहतील. त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात, कारण घरातली पहिली चाहूल आईला लागते आणि ती ते मावशीला किंवा खालाला सांगते, पुढाऱ्याला सांगत नाही. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. मारामारीत जखमी होऊन आलेल्या मुलाशी त्याच रात्री बोलण्याची सोय त्यांच्यामार्फत करता येईल. शाळेने मार खाल्लेल्या मुलाची गैरहजेरी नुसती हजेरीपुस्तकात न मांडता दुसऱ्याच दिवशी घरी विचारणा करावी.

आणि घराने काय करावे? आपल्याकडच्या आयांना एक उपाय पूर्वापार ठाऊक आहे. भांडण झाले की त्या मुलाला चार दिवस मामाच्या गावाला पाठवतात. त्याला पळपुटेपणा म्हणू नये. राग शिळा व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ मुलाला त्याच्या मित्रांपासून दूर मिळावा लागतो. मुलगा परत येईपर्यंत इकडे दोन्ही घरांत बोलणे झालेले असेल, तर तो मान खाली न घालता गल्लीत शिरू शकतो. मुलाला मार खाल्ल्याचे दुःख कमी असते, तोंड दाखवायला जागा उरली नाही याचे जास्त असते. ती जागा मोठ्यांनी करून द्यायची असते.

यातले काहीच महाग नाही. बॉस्टनने दाखवले, की काम थांबले की आकडे पुन्हा वर जातात. म्हणून चार दिवसांचे शिबिर, एक मिरवणूक, एक शपथ यांनी भागणार नाही. भिवंडीच्या कमिट्यांची ताकद त्यांच्या कंटाळवाण्या बैठकांमध्ये होती. तेव्हा पुढच्या वेळी ‘किरकोळ मारामारी, दोघे जखमी’ अशी चार ओळींची बातमी आपल्या वस्तीतून आली, तर ती वाचून पान उलटू नका. ते दोघे कोणाचे, त्यांची घरे कोणती आणि त्यांच्या घरी कोणाचा शब्द चालतो, एवढे संध्याकाळपर्यंत शोधा आणि त्या माणसाला बरोबर घेऊन निघा. अजून वेळ असतो.